तेवढा तक्ता आम्हाला द्या

प्रति,
मराठी आणि इतर भारतीय भाषांसाठी फाँट व डीटीपीची (संगणकावर पानं जुळवण्याची) सॉफ्टवेअर बनवणाऱ्या सर्व कंपन्यांचे मालक, अधिकारी आणि फाँट घडवणारे कारागीर यांस,

सप्रेम नमस्कार.

मी उदगीरला छापखाना चालवतो. लग्नपत्रिका, वास्तुशांतीच्या आणि जावळाच्या पत्रिका, अखंड हरिनाम सप्ताहाची पत्रकं, पावतीबुकं, निवडणूक आली की हँडबिलं, आणि वर्षाकाठी दोन-तीन पुस्तकं, असं आमचं काम. उदगीर हे सीमेवरचं गाव. बिदर इथून तासाभराच्या वाटेवर. त्यामुळे एकाच लग्नाची पत्रिका नवऱ्याकडून मराठीत आणि नवरीकडून कन्नडमध्ये छापायला येते. पूर्वीचा हा निजामाचा मुलूख, म्हणून उर्दूच्या पत्रिकाही दर लगीनसराईत असतातच. तुमच्यापैकी बऱ्याच जणांची सॉफ्टवेअर गेल्या पंचवीस वर्षांत कधी ना कधी माझ्या टेबलावर चालली आहेत. रीतसर पावती घेऊन, लॉक (चोरीची कॉपी चालू नये म्हणून मशीनला लावायची किल्ली) लावून चालली आहेत. तेवढ्या हक्काने हे लिहितो आहे. मुख्य मागणं एकच: तुमच्या जुन्या फाँटमध्ये कोणत्या जागी कोणतं अक्षर होतं, त्याचा तक्ता.

गेल्या दिवाळीच्या आधी आम्ही दुकानातली दोन्ही मशीन विंडोज सोडून लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमवर नेली. हौस म्हणून नेली नाहीत. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. आणखी वर्षभर सुरक्षेचे अपडेट मिळण्याची सोय आहे, पण तीही ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा असेल तर आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. माझी मशीन २०१४ ची, चौथ्या पिढीची. धडधाकट चालणारी. ती मोडीत काढून नवी घ्यायची म्हणजे ऑफसेट छपाईयंत्राच्या रोलरसाठी आणि रबरी ब्लँकेटसाठी बाजूला ठेवलेले पैसे तिकडे घालायचे. मुलगी नांदेडला कॉम्प्युटर शिकते. तिनं पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट चालवून दाखवलं, आठवडाभर तसंच वापरायला लावलं आणि मग हार्डडिस्कवर टाकून दिलं. प्रिंटर लागला, स्कॅनर लागला. या मिंटला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. मशीन पूर्वीपेक्षा हलकं चालतं. आल्याचा पस्तावा नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

पण पहिल्या आठवड्यात काय झालं तेही लिहायला पाहिजे, कारण लिनक्सची महती सांगणारे ते सांगत नाहीत. पत्रिकेचं गिऱ्हाईक समोर बसलेलं. चहा सांगितलेला. मी कोरलड्रॉ या विंडोजवरच्या चित्रं-मांडणीच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या सवयीनं एफ१० दाबलं, काही झालं नाही. कंट्रोल आणि क्यू दाबलं, तर पत्रिका कर्व्ह (अक्षरांची रेषाचित्रं) व्हायच्या ऐवजी प्रोग्रामच बंद व्हायला निघाला. गिऱ्हाईक म्हणालं, "काय करायलाव भाऊ? एरवी तर पाच मिनिटात दाखवता." मला त्या दिवशी खरोखर हात बांधल्यासारखं वाटलं. माणसाला आपलं हत्यार आठवतं ते असं. कोरलड्रॉमध्ये फोटो पॉवरक्लिपमध्ये टाकायचा, कडेनं काँटूर द्यायचा, रेडियमच्या कटिंगला सरळ प्लॉटरवर सोडायचं, यात डोकं लागत नव्हतं, हातच काम करत होता.

आता कोरलच्या जागी इंकस्केप हा लिनक्सवरचा चित्रांचा प्रोग्राम वापरतो. नोडचं काम मला त्यात जास्त सफाईदार वाटतं. कोरलच्या बऱ्याचशा जुन्या फाइल ते उघडतं, फक्त मजकूर इकडचा तिकडे सरकतो आणि ब्लेंड केलेली रंगसंगती बिघडते. ते काम करतं आरजीबीमध्ये, म्हणजे पडद्याच्या तीन रंगांत, आणि ऑफसेटला लागतात शाईचे चार रंग, सीएमवायके. म्हणून चित्र तिथे काढून स्क्रायबस या पानं मांडायच्या प्रोग्राममध्ये आणतो आणि तिथून सीएमवायकेची पीडीएफ काढतो. एक पायरी वाढली. लातूरचा फ्लेक्सवाला अजूनही म्हणतो, "कोरलची फाइल पाठवा, नाहीतर टिफ पाठवा." टिफ पाठवतो. ही अडचण सुटण्यासारखी होती आणि ती बरीचशी सुटली. एक गोष्ट मात्र वाचून मला फार हळहळ वाटली. कोरलनं १९९९ मध्ये स्वतःचं लिनक्स बाजारात आणलं होतं आणि २००० मध्ये कोरलड्रॉ ९ लिनक्ससाठी काढलं होतं. पुढे दोन्ही बंद झाली. म्हणजे मला जे हवं आहे ते पंचवीस वर्षांपूर्वी एकदा झालेलं आहे. तेव्हा लिनक्सवर हे होतच नाही, असं मला कुणी सांगू नये.

तुमच्या सॉफ्टवेअरची उणीव मात्र भरून निघत नाही. ती का, हे तुम्हाला नीट सांगावं म्हणून हा सगळा प्रपंच.

सगळ्यात आधी आठवण येते ती चित्रांच्या फाँटची. एक कळ दाबली की गणपती, दुसरी दाबली की कलश, तिसरी दाबली की सनई-चौघडा. तोरणं, वेलबुट्टी, "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं" लिहिलेली बाहुला-बाहुली. आणि पत्रिकेवर नवरा-नवरीच्या नावांना शोभतील अशी वळणदार अक्षरं. खुल्या परवान्याचे मराठी फाँट आता पुष्कळ आहेत. मुक्ता आहे, बालू आहे, कलम आहे, नोटो आहे. पुस्तकाच्या मजकुराला मी मुक्ता आनंदानं वापरतो. पण चि. आणि चि. सौ. कां. च्या पुढे जे अक्षर शोभतं, ते घडवणारी माणसं तुमच्याकडे होती. उंच मात्रा, लांब ओढलेला उकार, शिरोरेघ सोडून खाली उतरणारा 'श'. आमच्या भागातल्या लोकांच्या डोळ्यांत लग्न म्हणजे ती अक्षरं बसली आहेत. त्यांचं मोल मी जाणतो.

मग बोटं. मी टायपिंग शिकलो रेमिंग्टन कळफलकावर. लिनक्समध्ये इन्स्क्रिप्ट आहे, फोनेटिक आहे, रेमिंग्टनही आहे. पण तुमच्या रेमिंग्टनमध्ये जोडाक्षरांच्या ज्या जास्तीच्या जागा होत्या, त्या तुमच्या स्वतःच्या. त्या इथे नाहीत. माझी मिनिटाला चाळीस शब्दांची गती पहिल्या महिन्यात निम्म्यावर आली. पन्नाशी जवळ आल्यावर बोटांना नव्या जागा शिकवणं अवघड जातं. तरी शिकवतो आहे.

इथे जे मिळालं तेही सांगतो, नाहीतर अन्याय होईल. पूर्वी मराठीला तुमचं सॉफ्टवेअर, उर्दूला इनपेज, कन्नडला तिसरं, अशी तीन दुकानं एका मशीनवर मांडावी लागत. आता एकाच पानावर मराठी, कन्नड आणि नस्तालिक उर्दू एका ओळीखाली एक टाइप होते. हार्फबझ नावाची एक लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामांना वापरता येणारा तयार कोड, आहे. अक्षरांची जोडणी ती करते. लिब्रेऑफिस, स्क्रायबस, फायरफॉक्स सगळे तिचाच आधार घेतात. स्क्रायबसमध्ये देवनागरी जोडाक्षरं नीट दिसायला लागली तीही तिच्यामुळेच. २०२४ मध्ये आलेली १.६ आवृत्ती मी वापरतो आणि तिच्यात आमची पत्रिका एकही जोडाक्षर न मोडता छापली जाते. ज्या दिवशी तिन्ही लिप्यांची पहिली पत्रिका एका फाइलमधून निघाली, त्या दिवशी मी ती घरी नेऊन दाखवली.

आता मूळ गोष्ट.

देवणी तालुक्यातल्या एका गावात प्राथमिक शाळेवर एक गुरुजी होते. नोकरीत असताना त्यांनी आसपासच्या गावांतल्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या. वह्याच्या वह्या भरल्या. २००६ मध्ये त्यांचं एकशे बारा पानांचं पुस्तक आम्ही छापलं. तीनशे प्रती. शेवटच्या चार पानांवर ओव्या सांगणाऱ्या बायांची नावं, त्यांची गावं आणि माहेरची गावं दिलेली. मजकूर मी स्वतः टाइप केला होता, तुमच्यातल्याच एका कंपनीच्या सॉफ्टवेअरवर, पेजमेकर या पानं मांडायच्या प्रोग्राममध्ये. गुरुजी करोनात गेले. वह्या त्याआधीच एका पावसाळ्यात भिंत पडून गेल्या. ज्यांनी ओव्या सांगितल्या त्या बायांपैकी आता कुणी असेल असं वाटत नाही.

दिवाळीनंतर गुरुजींच्या कन्या दुकानात आल्या. बचत गट चालवतात. म्हणाल्या, "दादा, तुमच्याकडं फाइल असंलच की. मला ते मोबाइलवर पाहिजे. गटातल्या बायांना पाठवायचंय. आपल्या आजीची ओवी कुठली, ते ज्यानं त्यानं हुडकून काढावं."

फाइल होती. मी सगळ्या कामांच्या सीडी जपून ठेवल्या आहेत, पुढे त्या हार्डडिस्कवर घेतल्या. अडोबीनं पेजमेकरचं काम २००४ मध्ये थांबवलं, तरी लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरनं ती फाइल त्यांच्यासमोर उघडली. एकशे बारा पानं, समास जागच्या जागी, पानांचे आकडे बरोबर. आणि ओव्यांच्या जागी इंग्रजी अक्षरं, पौंडाची आणि येनची चिन्हं, उलटसुलट स्वल्पविराम. त्यांनी विचारलं, "हे काय हो?" मी म्हणालो, "ताई, ही ओवीच आहे." दुसरं काय सांगणार होतो?

कंपन्यांच्या मालकांना हे माहीत आहे, पण हे पत्र इतरही वाचतील म्हणून सांगतो. विंडोजमध्ये देवनागरीची सोय आली ती विंडोज २००० पासून. त्याआधी विंडोजला मराठी येत नव्हतं. तेव्हा तुम्ही एक हुशारीची वाट काढली. इंग्रजी फाँटमध्ये दोनशेच्या आसपास जागा असतात, त्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवले. एका जागी काना, एका जागी मात्रा, एका जागी अर्धा 'क', एका जागी रफार. संगणकाला वाटतं आपण इंग्रजी अक्षर दाखवतो आहोत, आणि वाचणाऱ्याला मराठी दिसतं. कोणता तुकडा कोणत्या जागी, हे प्रत्येक कंपनीनं आपापलं ठरवलं. काहींनी तर आवृत्ती बदलली की जागाही बदलल्या. फाँट सोबत आहे तोवर मराठी, फाँट गेला की कचरा. युनिकोड या जगभरच्या सामाईक पद्धतीत तसं नाही. तिथे 'क' चा क्रमांक जगभर एकच.

जुना मजकूर युनिकोडमध्ये आणायचा तर कोणत्या जागी कोणता तुकडा होता, त्याचा तक्ता लागतो. तेवढ्यानंही भागत नाही. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये अक्षराच्या नंतर. 'धर्म' लिहिताना जुन्या पद्धतीत 'ध', 'म' आणि मग वरचा रफार. युनिकोडमध्ये 'र' आधी, मग हलंत, मग 'म'. हे उलटसुलट करणारा छोटा प्रोग्राम लागतो. तो माझ्या मुलीनं एका रविवारी लिहिला. अवघड प्रोग्राम नाही, अवघड आहे तो तक्ता.

लोकांनी बनवलेले काही कन्व्हर्टर मिळतात. हिंदीच्या कृतिदेव फाँटसाठी तर पुष्कळ आहेत. मी ज्या फाँटात पुस्तक केलं त्याला जवळचा एक मिळाला. त्यानं ऐंशी टक्के मजकूर बरा काढला आणि मराठीपण घालवलं. हिंदीला डोक्यात ठेवून केलेल्या कन्व्हर्टरला आपला अर्धा 'ऱ' कळत नाही. 'दऱ्या' चं 'दर्या' झालं. पंढरीच्या 'वाऱ्या' च्या 'वार्या' झाल्या. 'सोयऱ्या', 'शेजाऱ्या', 'चाऱ्याला', सगळीकडे डोक्यावर रफार. ज्या ओव्यांत पंढरी आणि माहेर सोडून दुसरं फारसं नाही, त्यांत 'वारी' चं असं व्हावं? मी ते पुस्तक त्या स्थितीत ताईंच्या हातात देऊ शकत नव्हतो. स्कॅन करून टेसेरॅक्ट या छापील अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरनं वाचून घेण्याचाही प्रयत्न केला. तेही मराठी बरं वाचतं, पण बोलीतला शब्द आला की ओळखीच्या शब्दाकडे ओढतं. ओव्यांत तर सगळी बोलीच.

मग त्या कंपनीला फोन केला. नाव घेत नाही, घेण्याची गरजही नाही, कारण दुसरीकडे वेगळं उत्तर मिळालं असतं असं मला वाटत नाही. सांगण्यात आलं, ती आवृत्ती आता सपोर्टमध्ये नाही. नवीन आवृत्ती घ्या, तिच्यात कन्व्हर्टर आहे. तो या जुन्या फाँटला चालेल का, असं विचारलं तर नक्की सांगता येणार नाही म्हणाले. नवीन आवृत्ती लिनक्सवर चालते का? नाही. मग नुसता तक्ता द्याल का? तो आमचा अंतर्गत आहे.

मी तक्ता स्वतः करायला घेतला. छापील पुस्तक डाव्या हाताला, पडद्यावर कचरा उजव्या हाताला. नेहमीची अक्षरं चार दिवसांत सापडली. मग सुरू झाली जोडाक्षरं. 'ट्ट' वेगळा, 'ह्म' वेगळा, 'द्व' वेगळा. वेलांटी तीन रुंदीची, लहान अक्षराला लहान, मोठ्या अक्षराला मोठी. रफार आणि अनुस्वार एकत्र असलेला एक तुकडा, मात्रा आणि अनुस्वार एकत्र असलेला दुसरा. दर पानावर एखादा न पाहिलेला तुकडा निघतो, म्हणून प्रत्येक पान अक्षर अक्षर ताडून पाहावं लागतं. रात्री दुकान बंद केल्यावर करतो. आजवर अडतीस पानं झाली आहेत. ती मी ताईंना पाठवली. त्यांच्या गटातल्या एका बाईला तिच्या आजोळच्या गावाची ओवी त्यात सापडली, असा त्यांचा निरोप आला.

आता तुम्हीच विचार करा. हा तक्ता तुमच्याकडे नसेल असं होऊच शकत नाही. फाँट घडवताना तो आधी कागदावर मांडावा लागतो. दोन पानांचा कागद. ज्या फाँटची विक्री तुम्ही स्वतः दहा-पंधरा वर्षांपूर्वी थांबवली, त्याचा तक्ता लपवून कुणाचा काय फायदा? फाँटची चित्रं मी मागत नाही. ती तुमच्या कारागिरांची कमाई आहे. मी मागतो आहे ते एवढंच, की एकशे सत्ताविसाव्या जागी तुम्ही कोणता तुकडा ठेवला होता.

मल्याळम भाषेच्या लोकांनी ही अडचण फार आधी ओळखली. स्वतंत्र मल्याळम कम्प्युटिंग या त्यांच्या गटानं पय्यन्स नावाचा कन्व्हर्टर बनवला. त्यात प्रत्येक जुन्या फाँटसाठी एक साधी मजकुराची फाइल आहे, डावीकडे जुनं चिन्ह, उजवीकडे युनिकोड. कुणालाही उघडता येते, चूक दिसली तर दुरुस्त करता येते. त्यांनी ते तक्ते माझ्यासारखेच कष्टानं जमवले असणार. आपल्याकडे त्या कष्टाची गरज नाही, कारण मूळ तक्ता ज्यांच्याकडे आहे ते तुम्ही अजून आहात, बहुतेक पुण्या-मुंबईत आहात आणि मराठीच बोलता.

माझे काका पायानं चालवायच्या ट्रेडल यंत्रावर छापत. मी त्यांच्याकडे खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवत मोठा झालो. खिळे वजनावर मिळत. एकदा पैसे मोजले की ते आमचे. झिजले की वितळवून पुन्हा ओतून घ्यायचे. खिळे ओतणारी फाउंड्री बंद पडली म्हणून केसमधला 'अ' कधी 'ब' झाला नाही. काकांनी १९७८ मध्ये छापलेलं एक पत्रक माझ्याकडे आहे, ते आजही वाचता येतं. मी २००६ मध्ये टाइप केलेलं वाचता येत नाही. हे माझ्या मनाला फार लागतं, कारण तो मजकूर मी टाइप केला होता, माझ्या हातानं.

तुमची बाजू मला दिसत नाही असं नाही. मोठ्या परदेशी कंपन्यांना मराठीत रस नव्हता, तेव्हा तुम्ही मराठी संगणकावर आणली. तुम्ही नसता तर जिल्ह्याजिल्ह्यांतली साप्ताहिकं, दिवाळी अंक, शाळांच्या स्मरणिका निघाल्याच नसत्या. चोरीच्या कॉप्यांनी तुमचं किती नुकसान झालं असेल याचीही मला कल्पना आहे. आमच्याच धंद्यात एक सीडी दहा दुकानांत फिरते, हे मी नाकारत नाही. त्यातूनच लॉक आलं. पण ज्यानं पैसे मोजले त्याचं काय? माझ्याकडचं यूएसबी लॉक आता फुटायला आलं आहे, वरून चिकटपट्टी लावली आहे. ते गेलं तर नवीन लॉक मिळणार नाही, पूर्ण किमतीत नवी आवृत्ती घ्यावी लागेल. आणि लिनक्सवर खरा अडसर त्या लॉकचाच आहे. वाइन नावाचा प्रोग्राम विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवतो, आणि त्यावर विंडोजची कितीतरी सॉफ्टवेअर चालतात. तुमचंही उघडतं, पाटी दिसते, आणि मग ते लॉक शोधायला लागतं. लॉकचा ड्रायव्हर विंडोजच्या पोटात बसणारा, तो वाइनमध्ये बसत नाही. आज मी व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) जुनं विंडोज ७ ठेवलं आहे, इंटरनेट तोडून, आणि लॉक त्याच्या हवाली केलं आहे. चालतं. एक पत्रिका करायची तर आठ जीबी रॅममधली निम्मी तिकडे जाते.

म्हणून दुसरं सांगणं हे. लिनक्ससाठी वेगळं सॉफ्टवेअर लिहिणं आज परवडत नसेल तर लिहू नका. वाइनवर चालेल अशी, लॉकच्या ऐवजी परवान्याची फाइल किंवा नोंदणी क्रमांक घेणारी आवृत्ती द्या. लिनक्सवरचे लोक पैसे देत नाहीत असा समज असेल, तर डाविंची रिझॉल्व्ह पाहा. व्हिडिओ एडिटिंगचं ते सॉफ्टवेअर लिनक्सवर मिळतं आणि त्याची स्टुडिओ आवृत्ती लोक विकत घेतात. माझी मागणी फुकटाची नाही. लग्नपत्रिकेचे तुमचे दहा फाँट आणि चित्रांचे दोन, युनिकोडच्या ओपनटाइप फाइल म्हणून, कुठल्याही ऑपरेटिंग सिस्टिमवर वापरण्याच्या परवान्यानिशी विकायला काढा. मी उद्या पैसे पाठवतो. ओपनटाइप फाइल लिनक्सवर जशीच्या तशी चालते. तिला विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये कोंडून विकण्याचं कारण मला समजलेलं नाही.

पण तक्ता आणि सॉफ्टवेअर या दोन्हींत निवड करायची वेळ आली, तर सॉफ्टवेअर राहू द्या. बोटं नव्या जागा शिकतील. गणपतीचं चित्र मी इंकस्केपमध्ये काढून घेईन, तीन काढलेही आहेत. नव्या पत्रिका नव्या अक्षरांत निघतील आणि लोकांच्या डोळ्यांना त्यांचीही सवय होईल. १९९५ ते २०१० या काळात मराठवाड्यात जे जे टाइप झालं, बंद पडलेल्या साप्ताहिकांचे अंक, गावोगावच्या देवस्थानांचे इतिहास, मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या माणसांच्या आठवणी, शेतकऱ्यांच्या पोरांनी पदरमोड करून छापलेले कवितासंग्रह, ते बहुतेक तुमच्याच फाँटांत आहे. छापील प्रती वाळवी खाते आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा अभिनंदनाचे बोर्ड आम्हीच छापले. त्या मराठीचा हा एवढा मोठा तुकडा कुणाला शोधता येत नाही, मोबाइलवर वाचता येत नाही, आणि त्याची किल्ली तुमच्या कार्यालयातल्या एखाद्या जुन्या फाइलमध्ये पडून आहे.

तक्ते तुमच्या संकेतस्थळावर ठेवा, कुणालाही घेता येतील असे. फाँटचं नाव, आवृत्ती, जागेचा क्रमांक आणि युनिकोड, एवढे चार रकाने पुरेत. बाकी प्रोग्राम आमची पोरं लिहितील. एखाद्या कंपनीतले जुने फाँट-कारागीर आता निवृत्त झाले असतील आणि त्यांच्याकडे हाताचे कागद असतील, तर त्या कागदांचे मोबाइलवर काढलेले फोटोही चालतील. टाइप करायचं काम मी अंगावर घेतो.

माझ्याकडच्या जुन्या कामांत सात फाँट-घराणी आहेत. त्यातली चार एका कंपनीची, दोन दुसरीची, आणि एकाचं मूळ मला अजून लागलेलं नाही. ज्या कंपनीला हे पत्र पटेल तिनं विचारणा करावी. सातही घराण्यांची नावं, आवृत्त्या आणि प्रत्येकाच्या मजकुराचं एकेक नमुना-पान मी त्याच दिवशी पाठवीन. ओव्यांचं पुस्तक त्यातल्या तिसऱ्या घराण्यात आहे. शक्य असेल तर त्याचा तक्ता आधी पाठवावा, मी एकोणचाळिसाव्या पानावर आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
उदगीरचा एक मुद्रक